यंत्रावर बसलेल्याची इच्छा

घरातला डीव्हीडी प्लेअर डिस्कवर छापलेले तेवढेच वाचतो. डिस्कवर एक अक्षरही त्याला लिहिता येत नाही. तरीही अशा साध्या यंत्रावर खेळायच्या व्हिज्युअल नॉव्हेल निघाल्या. ‘फँटम ऑफ इन्फर्नो’ ही जपानी कथा २००३ साली इंग्रजीत आली ती याच रूपात. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, मागे पात्रांचे आवाज. कथा एका वळणावर थांबते, दोन-तीन पर्याय दिसतात आणि रिमोटच्या बाणाने त्यांतला एक निवडायचा. नायक एक तरुण आहे. नको तो खून पाहिल्यामुळे त्याची स्मृती पुसून त्याला मारेकरी बनवले जाते. त्याने पुढे काय करावे हे आपण ठरवतो, पण त्याचे सगळे शेवट कारखान्यातच डिस्कवर उमटलेले असतात. मग आपण नेमके काय ठरवले? हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. सगळे आधीच लिहिलेले असेल तर माणसाच्या निवडीला मोल कशाचे, हा नियतीचा जुना प्रश्नच इथे हातात धरता येईल इतका लहान होऊन समोर येतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हा पेच उघडा मांडलेला आहे. एकसष्टाव्या श्लोकात ईश्वर सर्व प्राण्यांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो असे म्हटले आहे, आणि दोनच श्लोकांनंतर अर्जुनाला सांगितले आहे की या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवे तसे कर. याला विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्यात उत्तर दिसते. शेवट निर्माण करण्याची सत्ता अर्जुनाकडे नाही, पण विचार करून पाऊल उचलणारा कोण, हे त्याच्यावाचून ठरत नाही. माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) आयुष्यभर रामच कर्ता आहे असे सांगत राहिले. त्याच महाराजांनी दुष्काळात गावकऱ्यांना शेतात काम देऊन जेवू घातल्याचे त्यांच्या चरित्रात येते. कर्तेपण सोडणे म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ त्यांच्या जगण्यातून निघत नाही.

डीव्हीडीच्या रचनेतली एक गोष्ट मला यासंदर्भात फार महत्त्वाची वाटते. खेळणाऱ्याच्या निवडी लक्षात ठेवायला या यंत्रात जेमतेम १६ कप्पे असतात, प्रत्येकी १६ बिटांचे. वीज गेली की ते कोरे. म्हणून असे खेळ थांबताना एक सांकेतिक शब्द देतात. तो कागदावर टिपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी भरायचा. डिस्क आहे तशीच राहते, प्लेअर सगळे विसरतो, आणि इथवर कोणत्या वाटेने आलो याची खूण उरते ती खेळणाऱ्याजवळ. संचित कर्त्याबरोबर जाते असे आपली परंपरा म्हणते, तेव्हा तिला याहून फार वेगळे काही म्हणायचे नसावे. निवडीचे फळ डिस्कवर शोधले तर सापडणार नाही. ते निवडणाऱ्यात साठते.

यावर कोणी म्हणेल, खेळात मागे जाऊन दुसरा पर्याय घेता येतो, आयुष्यात नाही. तेव्हा ही तुलनाच फसवी. फरक खरा आहे, पण त्याने निवडीचे वजन वाढतेच. परत फिरता येत नाही, तिथे विचार अधिक हवा. दुसरा आक्षेप सर्वज्ञतेचा: ईश्वराला मी काय निवडणार हेही ठाऊक असेल तर? पंचांगात ग्रहण आधी छापलेले असते, म्हणून ते पंचांगामुळे लागत नाही. आधी कळणे आणि भाग पाडणे या दोन गोष्टी आहेत, एवढे तरी त्यातून दिसते. ज्ञानाचा आक्षेप मला म्हणूनच निर्णायक वाटत नाही.

खरा कठीण आक्षेप माणदेशाच्या जमिनीतून येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या मुलखात पाऊसच नाही, माणूस निवडणार काय? ज्याच्या पडद्यावर एकच पर्याय आहे त्याला स्वातंत्र्याचे प्रवचन देणे क्रूरपणाचे आहे, हे मी मान्य करतो. कुणाच्या दारिद्र्याला त्याचे प्रारब्ध म्हणून हात झटकणाऱ्यांनी कर्मसिद्धांताची पुष्कळ हानी केली आहे. पण या खेळांत काही वाटा सुरुवातीला दिसतच नाहीत. आधीच्या निवडींची नोंद त्या कप्प्यांत झाली, तरच पुढे नवा पर्याय पडद्यावर येतो. वाट डिस्कवर होतीच; ती उघडायला मात्र कोणाला तरी आधी काही करावे लागते. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत माणमधल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. तिथल्या लोकांना ढग निवडता आले नाहीत. उतारावरचे पाणी अडवणे त्यांच्या हातात होते, आणि एकट्यादुकट्या घराला जी वाट दिसलीच नसती ती गाव एकत्र आल्यावर दिसली. स्पर्धेचे ४५ दिवस एप्रिल-मेच्या उन्हातले. यंदा पाऊस किती पडेल हे श्रमदानाला आलेल्या कोणालाच माहीत नव्हते. चर मात्र पाऊस यायच्या आत खणून व्हायला हवे होते.