‘रिफाइन’ : गाळणे की घडवणे?

‘रिफाइन’ हे इंग्रजी क्रियापद तेलाच्या डब्याबरोबर घराघरांत आले आणि कचेरीतील मसुद्यापर्यंत पोहोचले. ‘मसुदा जरा रिफाइन करा’ हा शेरा शासकीय सेवेत आम्ही वाचला, तसा लिहिलाही. त्याचा मराठी अर्थ कोणता? शुद्ध करणे, की संस्कार करणे? वरवर समानार्थी भासणाऱ्या या दोन शब्दांत नैतिक अंतर आहे.

निपाणी परिसरातील गुऱ्हाळात रस उकळू लागला की भेंडीच्या रसाने मळी वर आणून काढतात. उसाचा रंग व स्वाद मात्र गुळात उरतो. पांढऱ्या साखरेत तेही उरत नाहीत. काय काढावे यापेक्षा कोठे थांबावे, हाच खरा विवेक.

भाषेचेही तसेच आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला. फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ बेळगावच्या मराठी व्यवहारात रुळला, आणि ‘हुतात्मा’ या शब्दाविना १७ जानेवारी १९५६ चे स्मरण सीमाभागाला करता येणार नाही. हे शब्द टिकले, कारण त्यांनी भाषेतून काही काढण्यापेक्षा तिच्यात भर घातली.

खासबागच्या विणकर वस्तीत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात. त्याने सूत बळकट होते, त्याचा पीळ बदलत नाही. येथील मुलाच्या कन्नड वळणाच्या मराठीला ‘अशुद्ध’ म्हणून हसणारे आपल्या ‘तूप’ शब्दाचे कन्नड ‘तुप्प’शी असलेले नाते विसरतात. त्या हसण्याने भाषा शुद्ध होत नाही. मूल तेवढे गप्प होते.

मग सारेच चालवून घ्यावे काय? नाही. संदिग्ध आदेशामुळे गरीब अर्जदाराला हेलपाटे पडतात. तेथे ढिसाळ वाक्य हा अन्यायच होय. म्हणून मसुदा पुन्हा पुन्हा तपासावा, शब्द नेमका करावा.

आमच्या मते या क्रियापदाचे कर्म स्वतःचे लेखन, स्वतःचे वर्तन असावे. दुसऱ्याची घरची बोली हे त्याचे कर्म झाले, की संस्काराचा अहंकार होतो.