गव्हावर तांदूळ

खोपोली लोकल जिथून जाते त्या डोळवलीच्या बाजूच्या एका गावातली ही गोष्ट. गाव भाताचं. शिवारात कर्जत-३, ताटात तांदळाची भाकरी. अशा गावात एका दहा वर्षांच्या मुलीला गहू बाधला.

दोन वर्षं पोट बिघडलेलं, उंची खुंटलेली, अंगात रक्त नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं. शेवटी मुंबई गाठली. रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि आजाराला नाव मिळालं : सीलिअ‍ॅक. गहू आणि जवातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर झिजतं. उपाय एकच, ते जन्मभर बंद. डॉक्टरीणबाईंनी हॉलंडची हकीकत सांगितली. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेना, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली. पाव आला तशी पुन्हा ढासळली. डिके नावाच्या डॉक्टरांचा गव्हावरचा संशय त्याने पक्का झाला.

आई घरी परतली ती तोंड शिवूनच. मुलीची जात, उद्या स्थळं बघायची. चपाती गेली, बिस्किटं गेली, हिंगाची डबीसुद्धा गेली, कारण बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. शेजारणींना मात्र तिने सांगितलं, पोरीला उष्णता आहे. तिला दोष देववत नाही. अशी भीती घरोघरी असते.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा हवा तसा उतरला नव्हता. डॉक्टरीणबाई पुन्हापुन्हा विचारत होत्या, गहू कुठून जातोय? आईला सांगता येईना.

पुढच्या आठवड्यात ती गिरणीत तांदळाचा डबा घेऊन उभी होती. गिरणीवाले भाऊ नेहमीसारखे म्हणाले, "वहिनी, आत्ताच गहू काढलाय. त्यावर टाकू ना?"

दर वेळी ती "टाका" म्हणायची. त्या दिवशी तो शब्द घशातच अडकला. डबा छातीशी धरून ती रडायला लागली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर सगळं सांगून मोकळी झाली.

भाऊंनी पट्टा थांबवला. "आधी सांगायचं ना, वहिनी. किती झाडलं तरी दगडाच्या खाचांत पीठ राहतंच. माझ्या गिरणीतलं तिला चालायचं नाही."

संध्याकाळी ते स्वतःच आले, खांद्यावर आपल्या आईचं जातं. त्यावर नाचणी आणि तांदूळच दळले जायचे. नवी टाकी लावून, धुऊन, उन्हात वाळवून आणलेलं. दुसऱ्या दिवशी दोन शेजारणी खुंटा धरायला येऊन बसल्या.

त्यातली एक दळता दळता हळूच म्हणाली, "माझ्या भावाच्या पोराचंही असंच आहे गं. पोट फुगतं, अंगी लागत नाही. आजच फोन करून त्याचा गहू बंद करायला सांगते."

आईने खुंटा सोडला. "नको. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर रक्तात काही दिसतच नाही. आधी तपासणी. मी येते तुमच्याबरोबर. सकाळच्या लोकलने निघू."