त्यांचीही नावे लिहू या



दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो. पण ज्या कबरीवरचे नावच पुसले गेले, तिथे मेणबत्ती कोणी लावायची?

आपल्या संग्रामपूर भागातली माती काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि दगड कलतात. लाकडी क्रुसांना वाळवी लागते.

१९३२ साली क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील कबरींवरील लेखांची यादी नागपूरला छापली गेली. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडातच होता. पण त्या यादीतली नावे मुख्यतः युरोपीय लोकांची, ज्यांच्यावर कोरीव दगड होते त्यांची. शेतमजुराच्या कबरीवर दगड कुठला? त्याचे नाव राहते ते चर्चच्या मरण-नोंदवहीत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात अशा वहीचा नमुना आहे. ख्रिस्तसभेचा आजचा कायदाही दफनानंतर नोंद करायला सांगतो. त्या वहीत जमीनदार आणि मजूर एकाखाली एक येतात.

तोबीतने राजाचा रोष पत्करून आपल्या बांधवांना माती दिली. मृतांना माती देणे हे दयेचे कृत्य आहे. त्यांचे नाव जपणे हा त्याचाच भाग आहे.

म्हणून आपण मिस्सानंतर गटागटाने हे काम करू या. कबरींना ओळीने क्रमांक देऊ. अक्षरे जशी आहेत तशीच उतरवू, चूकही सुधारायची नाही. तारेच्या ब्रशने दगड घासू नये, अक्षरे झिजतात. पुसट अक्षरे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. मग नोंदवहीशी ताळा घेऊ. जिथे दगडच नाही, तिथे घरच्या आजी-आजोबांना विचारू. त्यांच्या आठवणीत आहे ते त्यांच्याबरोबर जाण्याआधी विचारू.

देवाला आपल्या वहीची गरज नाही. त्याला सर्वांची नावे ठाऊक आहेत. गरज आपल्याला आहे. ज्याचे नाव आपण विसरतो, त्याच्यासाठी प्रार्थना करायलाही विसरतो.

कबरीजवळ रडणाऱ्या मरीया माग्दालीयाने प्रभूला ओळखले, ते त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा. तोच प्रभू आपल्या मृतांनाही नावाने हाक मारील. तोवर ती नावे आपल्या ओठांवर राहोत. आमेन.