कधीच न पडलेले अण्णा

साताऱ्यात रविवारी पहाटे सायकली घेऊन बाहेर पडणारं एक टोळकं होतं. त्यात अण्णांचा शब्द शेवटचा असे. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, अंगानं काटक, बोलण्यात ठाम. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाताना पंचविशीतली पोरं धापा टाकत, तेव्हा अण्णा केव्हाच वर पोचलेले असत. पण त्यांना खरा अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. "इतकी वर्षं सायकल चालवतोय, एकदाही पडलो नाही," असं ते सांगत, आणि ते खरं होतं.

न पडण्यामागे त्यांची विद्या होती. निघण्याआधी दोन्ही टायरची हवा ते अंगठ्यानं दाबून नाही, पंपाच्या काट्यावर बघत. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, जो दाबायचा तो वळणाच्या आधी, हा त्यांचा नियम. वळतानाच टायरची बरीचशी पकड खर्च होते, त्यात ब्रेक लावला की चाक निसटतं. रेल्वेचे रूळ ते काटकोनात ओलांडत. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं म्हणून वेग उतरवत आणि झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर सायकल कधी तिरकी करत नसत. रस्त्यावरचा खड्डा त्यांना लांबून दिसे आणि अगदी जवळ आल्यावर कमरेला हलकासा हिसका देऊन ते तो सहज चुकवत.

थंडीत घाट सोडून टोळकं सपाटीला लागे. क्षेत्र माहुलीचा पूल ओलांडायचा, जरंडेश्वराचा डोंगर बघत कोरेगाव गाठायचं, पाय चालत असतील तर पुढे रहिमतपूर. एकामागे एक अशी रांग लावून सगळे जात. पुढचा वारा कापतो, मागच्यांचे कष्ट वाचतात. पुढे अर्थात अण्णा.

त्या हंगामात पडापडी सुरू झाली. आधी शाळेतल्या सुनंदाताई खड्ड्यात आदळल्या आणि तळहातावर पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. अण्णा भेटायला गेले आणि म्हणाले, "पडताना हात पुढे टाकू नये, ताई. सगळा भार मनगटावर येतो." मग मेडिकलवाले शिंदे. ट्रॅक्टर आडवा आला म्हणून रांग अचानक थांबली आणि शिंदे खांद्यावर आपटले. हासळीचं हाड मोडलं. अण्णा म्हणाले, "पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबलात. वजन मागे न्यायचं आणि दोन्ही ब्रेक चढवत न्यायचे." शेवटी पोरांपैकी ओंकार. रस्त्यात पडलेल्या उसाच्या टिपरावर त्याचं चाक चढलं आणि तो डोक्यावर पडला. हेल्मेटला तडा गेला. तो उठून लगेच सायकलवर बसायला निघाला, पण खांदा नुकताच बरा झालेल्या शिंद्यांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. डोक्याला मार लागल्यावर माणूस आधी ठीक दिसला तरी नंतर गरगरू शकतो, हे त्यांना दुकानातल्या अनुभवानं ठाऊक होतं. टेम्पो थांबवून त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी अण्णांनी त्यालाही सांगितलं, "नजर जिथं, चाक तिथं. टिपराकडे बघत राहिलास म्हणून टिपरावर गेलास."

सल्ले तिन्ही बरोबर होते. म्हणूनच कुणाला काही बोलता येईना.

पडलेल्या तिन्ही सायकली दुरुस्तीला बापूकडे गेल्या. पोवई नाक्यापासून थोड्या अंतरावर बापूचं दुकान. म्हाताऱ्याला वाचता बेताचं येई, पण मोडलेल्या सायकलीवरून तो सगळी हकीकत सांगे. ओंकारच्या पुढच्या चाकाचा आऊट काढता काढता त्यानं चाक उजेडात धरलं आणि टायरच्या बगलेवरून बोट फिरवलं. मग आधी दुरुस्त करून दिलेली शिंद्यांची सायकल त्याला आठवली. मग त्यानं निरोप धाडला, "अण्णांना म्हणावं, चेनला तेल द्यायचं झालंय, सायकल घिऊन या."

अण्णा आले. बापूनं त्यांची सायकल उलटी केली आणि मागचं चाक फिरवलं.

"अण्णा, ह्या टायरच्या बगलंला घासल्याच्या खुणा कशाच्या?"

"लागलं असेल कुठं कठड्याला."

"कठडा असता तर रिमबी खरवडली असती. ह्यो रबरानं रबर घासलाय. शिंद्यांच्या आन् ह्या पोराच्या पुढल्या चाकाला अश्याच खुणा हायेत. पडले तवा दोघं कुणाच्या मागं हुते?"

अण्णा गप्प झाले. दोघंही त्यांच्याच मागे होते. आणि सुनंदाताईसुद्धा.

"दोन चाकं घासली की पुढल्याला कळतबी न्हाई," बापू सांगू लागला. "त्याचं मागलं चाक नुसतं सरळ पळतं. मागल्याचं जे घासतं ते वळायचं चाक. त्ये अडलं की माणूस भुईवर. तुमी आयत्या वेळंला हिसका मारून खड्डा चुकवता. तुमच्या मागल्याला खड्डा दिसतो तवा त्यो त्याच्या चाकाखाली असतो."

"मागच्यानं अंतर ठेवावं ना!" अण्णांचा आवाज चढला. "तासाला तीसच्या वेगानं सेकंदाला आठ मीटर जातो आपण. चाकाला चाक लावून चालवतात, मग पडतात."

"ठिवावं की. त्ये त्यांचं काम हाय, आन् मी त्यांस्नी सांगनारबी हाय," बापू म्हणाला. "पन दिसतंय तुमास्नी. मग बोलायचं काम कुनाचं? येत्या रविवारी शेवटाला राहून बघा."

अण्णा रागानंच शेवटी राहिले. मनगट बरं होऊन परतलेल्या सुनंदाताई त्यांच्या पुढे होत्या. माहुलीचा पूल ओलांडल्यावर अण्णांना पहिली गोष्ट कळली ती ही, की मागून रस्ता दिसतच नाही. दिसते पुढच्याची पाठ, त्याचं चाक आणि हातभर डांबर. ज्या रस्त्याचा खड्डान् खड्डा त्यांना पाठ होता, त्यावर ते नवख्यासारखे चाचपडत होते. सवयीनं ते चाकाला चिकटायला गेले, मग स्वतःहून मागे सरले.

कोरेगावच्या अलीकडे सुनंदाताईंचा उजवा हात खाली गेला. बोट रस्त्याकडे, आणि पाठोपाठ आवाज, "ऊस!" डबल ट्रॉलीतून पडलेली टिपरं आणि वाढं उजव्या अंगाला पसरलं होतं. आठ-दहा मीटर आधी कळल्यामुळे अण्णा सावकाश डावीकडून गेले. हिसका नाही, ब्रेक नाही. पुढे ताईंनी तळहात मागे उघडून दाखवला, "थांबतोय!" आणि सगळे थांबले.

चहाला उतरल्यावर अण्णांनी विचारलं, "ही सवय कधीपासून, ताई?"

"प्लास्टर निघाल्यापासून," ताई म्हणाल्या. "तिसऱ्या नंबरला चालवताना काय दिसतं, हे मला माहीत आहे."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, तरी तो अण्णांना लागला. जे तीन उपदेश ते जखमींच्या घरी जाऊन करून आले होते, त्यांच्या जागी रस्त्यावर एकच शब्द वेळेवर निघाला असता तर मनगट, हाड आणि हेल्मेट तिन्ही शाबूत राहिली असती. त्यांच्या न पडण्याचा हिशोब दुसऱ्यांच्या अंगावर लिहिला गेला होता.

पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा पुढे होते, पण वेगळे. खड्डा लांबूनच सांगायचा, हळूहळू बाजूला व्हायचं, ब्रेकआधी ओरडायचं. स्वतःला सहज चुकवता येणारी बारीक खडीसुद्धा ते दाखवू लागले, कारण मागचा ती चुकवू शकेलच असं नव्हतं. बापूनं ठरल्याप्रमाणे मागच्यांनाही दम दिला होता, त्यामुळे चाकांमध्ये अंतर पडलं. वेग थोडा उतरला. कुणाची तक्रार नव्हती.

जानेवारीतल्या एका धुकट सकाळी रस्ताभर मोळ्या सांडलेल्या दिसल्या. अण्णांचा हात खाली गेला, तोंडातून "ऊस!" निघालं, आणि एका हातानं धरलेलं हँडल टिपरावर फिरलं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा सायकलवरून पडले. गुडघा सोलला, हेल्मेटला तडा गेला. मागचे चौघं मात्र जागच्या जागी पाय टेकून उभे होते. एकालाही ओरखडा नव्हता. शिंद्यांनी त्यांनाही सायकलवर बसू दिलं नाही.

बापूनं हेल्मेट हातात घेऊन वाकवून पाहिलं. "ह्ये आता टाका. आतला फोम एकदाच चेपतो, आन् त्यानं त्याचं काम केलंय. आन् दोन्ही हात हँडलला लागनार असतील तवा हात सोडायचा न्हाई, नुसतं तोंडानं बोलायचं."

अण्णांनी नवं हेल्मेट घेतलं आणि टोळक्याला एक नियम घालून दिला. पुढे राहण्याची पाळी सगळ्यांना मिळेल, पण ज्यानं आधी महिनाभर शेवटी चालवलंय त्यालाच.

तात्पर्य : पुढे चालणाऱ्याला वाट आधी दिसते, म्हणून ती सांगण्याचं ओझंही त्याच्याच माथी असतं. आपण सावरलो एवढ्यानं आपलं कौशल्य सिद्ध होत नाही. आपल्यामागून येणारे सावरले की नाही, हे पाहिल्यावरच ते ठरवावं.