चौकशी आणि सांभाळ

विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शाळेवर दोन कामे एकाच सकाळी येऊन पडतात. पहिले चौकशीचे: काय घडले आणि कोणाचे काय चुकले. दुसरे सांभाळाचे: जी मुले वर्गात बसली आहेत त्यांना पुढचे आठवडे सुखरूप पार पाडता यावेत. पहिल्या कामाला पुरावा लागतो, वेळ लागतो. दुसऱ्याला थांबायला सवड नसते. अशा घटनेनंतरची आपल्याकडची चर्चा जवळजवळ सगळी पहिल्या कामाविषयी असते. ते झाले की दुसरेही झाले, असे धरून चालण्याची रीत पडली आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,७६४ विद्यार्थ्यांसह महाराष्ट्र पहिला, तर १,३४० विद्यार्थ्यांसह मध्य प्रदेश तिसरा होता. या आकड्यात महाविद्यालयांतील आणि शिकवणी वर्गांतील मुलेही येतात. प्रत्येकाच्या मागे एक वर्ग, एक मित्रमंडळ, बहुधा एखादे धाकटे भावंड उरलेले असते. त्यांची मोजदाद या अहवालात नसते आणि चर्चेतही नसते.

२०१० च्या जानेवारीत मुंबई आणि परिसरात लागोपाठ शाळकरी मुलांच्या आत्महत्या झाल्या, तेव्हाची चर्चा आठवण्यासारखी आहे. ५ जानेवारीला एकाच दिवशी डोंबिवलीची अकरा वर्षांची मुलगी आणि दादरच्या शाळेतला बारा वर्षांचा मुलगा गेल्याचे कळले. मग परीक्षा, पालकांच्या अपेक्षा, रिअॅलिटी शो, नुकताच प्रदर्शित झालेला ‘थ्री इडियट्स’ असे एकेक कारण उभे राहिले आणि प्रत्येकाला कैवारी मिळाले. दुसऱ्या दिवशी त्या वर्गांत हजेरी कोणी आणि कशी घेतली, हा प्रश्न मात्र मागे राहिला. २०२३ साली कोटा येथे पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश निघाला, तेव्हाही चर्चा पंख्यांवरच रंगली.

विषयच काढू नये, मुले आपोआप विसरतात, हे मत अजून टिकून आहे. पण मुलांना बातमी शिक्षकांच्या आधी कळलेली असते, त्यामुळे त्याचा विचार करण्याचे कारण नाही. मोबाइल काढून घ्या किंवा संस्कार कमी पडले, ही मते घटनेनंतरच्या सकाळी कोणाच्याच उपयोगाची नाहीत.

खरा विचार करायला हवा तो दोषी शोधण्याला सर्वस्व मानणाऱ्या मताचा. त्याची उत्तम मांडणी अशी: शाळा आपले नाव जपतात, पालकांना उडवाउडवीची उत्तरे देतात, समुपदेशकाला बोलावून प्रकरणावर पडदा टाकतात. त्यामुळे आधी दोषी ठरवा. न्याय झाला की मुलांनाही धीर येईल. यात तथ्य आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि ती मोडली जाते. जातीवरून अपमान, लैंगिक छळ, वर्गासमोर काढलेली लाज यांपैकी काही घडले असेल तर ते उघड झालेच पाहिजे. सांभाळाच्या नावाखाली चौकशी टाळणारी शाळा दोन्ही कामांत नापास होते.

तरीही न्यायातून धीर मिळेल ही अपेक्षा चार ठिकाणी कोसळते. पहिले ठिकाण वेळेचे. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली तपास करतात. मध्य प्रदेशात याला ‘मर्ग कायम करणे’ म्हणतात. अल्पवयीन मुलाला आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०७ मध्ये येतो आणि त्याची कमाल शिक्षा मृत्युदंड आहे. इतक्या गंभीर आरोपाला तितकाच भक्कम पुरावा लागतो. जयपूरच्या एका शिक्षकावरील गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द केला, तो शिस्तीसाठी रागावणे म्हणजे प्रवृत्त करणे नव्हे, या कारणाने. घटना २०१८ ची होती. तोवर त्या वर्गातली मुले शाळा सोडून पुढे गेलेली असतात.

दुसरे ठिकाण मुलांच्या मनातले. ‘अमुक शिक्षकामुळे गेला’ हे वाक्य मोठ्यांना आरोप वाटते. वर्गातल्या एखाद्या खचलेल्या मुलाला ते आश्वासन वाटू शकते. जिवंतपणी कोणी ऐकले नाही, मेल्यावर सगळ्यांनी ऐकले, असा धडा त्यातून मिळतो. अनुकरणाची ही भीती जुनी आहे: गटेच्या १७७४ च्या वेर्थरविषयीच्या कादंबरीपासून ती चर्चेत आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली वृत्तपत्रांतील ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे आकड्यांनी दाखवले. व्हिएन्नात १९८७ पासून वृत्तपत्रांनी संयम पाळल्यावर भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या लक्षणीय घटल्या. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेतल्या कोणी आत्महत्या केली असेल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांत आत्महत्येचे विचार असण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. गेलेल्या मुलाशी ओळख असणे किंवा नसणे याने त्यात फारसा फरक पडला नव्हता.

तिसरे ठिकाण शिक्षकांचे. आरोपांच्या वातावरणात वकील पहिला सल्ला देतात तो न बोलण्याचा. ज्या वर्गशिक्षिकेला प्रत्येक मुलाचा स्वभाव ठाऊक आहे, तीच रजेवर किंवा निलंबित असते, आणि वर्ग अनोळखी माणसाच्या हाती जातो. चौथे ठिकाण दोषाच्या वाटणीचे. मोठी माणसे दोष वाटू लागली की मुले आपला वाटा स्वतःहून उचलतात. रात्री आलेल्या मेसेजला उत्तर न दिलेला मित्र किंवा आदल्या दिवशी भांडलेली मैत्रीण मनातल्या मनात स्वतःला दोषी ठरवून मोकळी होते. तिची साक्ष कोणी नोंदवत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

म्हणून ही दोन्ही कामे वेगळ्या माणसांच्या हाती हवीत. चौकशी शाळेबाहेरच्या समितीने आणि पोलिसांनी करावी. मुख्याध्यापकांनी कागदपत्रे द्यावीत आणि त्यात हात घालू नये. ‘का’ हा प्रश्न समिती आणि पोलिसांकडे गेला की शाळेला आपला प्रश्न मोकळेपणी विचारता येतो: आता कोणाकडे पाहायला हवे?

या कामाचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांसाठीच्या कामाला अभ्यासाचे स्वरूप दिले. तिथल्या शाळांसाठी २०११ साली तयार झालेली मार्गदर्शिका आजही उपयोगी आहे. बातमी मैदानावर ध्वनिक्षेपकावरून न देता प्रत्येक वर्गात ओळखीच्या शिक्षकाने द्यावी. किती सांगायचे ते कुटुंबाला विचारून ठरवावे. मृत्यू कसा झाला याचा तपशील देऊ नये, एकच एक कारण सांगू नये आणि गेलेल्या मुलाला दूषणही देऊ नये. शोकसभा, फोटो, हार हे अपघाताने किंवा आजाराने गेलेल्या मुलासाठी जेवढे केले असते तेवढेच असावे. कायमचे स्मारक टाळावे. जवळचे मित्र, आधीपासून खचलेली मुले आणि पूर्वी स्वतःला इजा केलेली मुले यांची यादी पहिल्याच दिवशी करून प्रत्येकाशी एकट्याने बोलावे. भावंड त्याच शाळेत असेल तर त्याच्या परत येण्याची तयारी आधी वर्गाकडून करून घ्यावी.

सांभाळ बराचसा कारकुनी तपशिलात असतो. हजेरीपटावर सतराव्या क्रमांकानंतर एकोणिसावा पुकारायचा की क्षणभर थांबायचे, हे वर्गशिक्षिकेला आयत्या वेळी ठरवावे लागू नये. गैरहजेरीचा आणि फी थकल्याचा आपोआप जाणारा मेसेज त्या पालकांच्या मोबाइलवर जाऊ नये, यासाठी कार्यालयातल्या कोणीतरी नोंद त्याच दिवशी बंद करायला हवी. वाढदिवस, निकालाचा दिवस आणि वर्षश्राद्धाचा आठवडा दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा.

जबलपूरच्या रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीत यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. दुःखाची खूण म्हणून शाळेला सुट्टी देण्याची आपली पद्धत आहे. आई-बाप पाळीवर असले की अकरा वाजता सोडलेले मूल कुलूपबंद घरी पोचते, आणि तिथे सोबतीला फक्त मोबाइल असतो. त्या दिवशी शाळा चालू ठेवावी, अभ्यास बाजूला ठेवला तरी चालेल. वसाहतीत बातमी कारखान्याच्या फाटकापासून शिकवणीपर्यंत तासाभरात पोचते, म्हणून शेजारच्या शाळांना आणि शिकवणी घेणाऱ्यांनाही शाळेने स्वतः कळवावे. गंभीर मुलांना नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठवता येते. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्रीही कोणीतरी बोलते. हे नंबर घटनेच्या आधीच कार्यालयात लावलेले असावेत.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांचे वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हावे, असे त्यांत आहे. यातल्या बहुतेक सूचना प्रतिबंधाच्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण शाळेतली एक आत्महत्या होऊन गेल्यावर उरलेल्या मुलांचा सांभाळ हाच पुढचा प्रतिबंध असतो, हे तिथेही ठळकपणे यायला हवे होते. चौकशीचा अहवाल सहा महिन्यांनी आला तरी त्याचे मोल कमी होत नाही. सांभाळाचे काम पहिल्या दिवशी सुरू झाले नाही, तर शाळेने ते टाळले असेच म्हणावे लागेल.