ओढणाऱ्याचे नाव कोण विचारतो?

वाचनाकरिता : गलतीकरांस पत्र ६:१-१०, प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७ व ११:२२-२६.



आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. परंतु चढणीवर अडलेल्या गाडीस पुढे जोडलेली जादा बैलजोडी आपण पाहिली आहे. चढ संपला म्हणजे ती सोडतात. गाडी बाजारात पोहोचली की मालाचा भाव सर्व विचारतात. त्या बैलांची आठवण कोणास राहत नाही. समुद्रावर हेच काम टगबोट करिते. ती लहान असते, पण तिचे यंत्र बळकट असते, आणि तिच्या दोराच्या टोकाशी तिच्याहून कितीतरी मोठे जहाज असते.

अमेरिकेत पोर्टलंड येथे १८८९ साली ‘वॉलोवा’ नावाची एक लाकडी टगबोट बांधण्यात आली. कोलंबिया नदी जेथे पॅसिफिक महासागरास मिळते, तेथे वाळूचा मोठा दांडा आहे. नदीचा ओघ व सागराच्या लाटा तेथे एकमेकांवर आदळतात; त्या मुखाशी शेकडो जहाजे बुडाली आहेत. शिडाच्या जहाजांस दोर लावून तो दांडा सुखरूप ओलांडवून देणे हे वॉलोवाचे काम होते. १८९८ साली सोन्याच्या शोधार्थ अलास्काकडे लोकांची झुंबड उडाली, तेव्हा तिने तिकडे माल ओढला. पुढे गिरण्यांसाठी ओंडक्यांचे तराफे ओढले. १९३४ साली तिचे वाफेचे यंत्र काढून सातशे अश्वशक्तीचे डिझेल यंत्र बसविले, व तिला ‘आर्थर फॉस’ हे नाव मिळाले. १९४१ साली ती वेक बेटावरील बांधकामासाठी राबत होती; ती तेथून निघून गेल्यावर लवकरच जपानी सैन्याने त्या बेटावर हल्ला केला. युद्धात तिने आरमाराची चाकरी केली, व १९६८ साली ती कामावरून उतरली.

आता तिच्या ऱ्हासाकडे लक्ष द्या. ज्या लाकडाने जवळजवळ ऐंशी वर्षे सागराच्या लाटा सोसल्या, त्यास पुढे कशाचे भय? पावसाचे! खाऱ्या पाण्यात लाकूड सहसा कुजत नाही. परंतु वरून पडणारे गोडे पाणी फळ्यांच्या फटींतून झिरपते, कोपऱ्यात साचते, आणि तेथे लाकूड आतून पोकळ होते. बाहेरचा रंग मात्र तसाच दिसतो. चालत्या बोटीवर खलाशी रोज फिरतो, फट दिसताच काथ्या व डांबर ठासून ती बुजवितो. बांधून ठेवलेल्या बोटीवर कोण फिरतो?

यावरून आम्ही आपणांपुढे तीन गोष्टी ठेवितो.

पहिली, नावाची आशा धरू नये. तार्सकर शौल यरुशलेमेस आला, तेव्हा शिष्य त्यास भीत होते. बर्णबाने त्याचा हात धरून त्यास प्रेषितांकडे नेले. पुढे त्यानेच तार्सास जाऊन शौलाचा शोध केला व त्यास अंत्युखियास आणिले. पौलाची पत्रे आज जगभर वाचली जातात. बर्णबाचे स्मरण कितीजण करितात? तरी तो दोर बर्णबाने लाविला होता. उपदेशक बंधूंनो, ज्या मुलास तुम्ही अक्षरओळख करून दिली, तो मोठा होऊन तुम्हांस ओळखीनासा झाला, तर खिन्न होऊ नका. जहाज बंदरात पोहोचले, एवढे पुरे.

दुसरी, झिरपणाऱ्या पाण्यापासून सावध असावे. छळ, बहिष्कार, दुष्काळ या लाटा ज्यांनी सोसल्या, त्यांपैकी कित्येकांचा विश्वास पुढे स्वस्थतेच्या दिवसांत कुजला. एक रुसवा, एक सोडलेली प्रार्थना, मनात साचलेला एक कडू शब्द! बाहेरून रविवारचा पोशाख तसाच शुभ्र असतो. यास्तव रोज आपल्या अंतःकरणावर फिरून फट पाहावी, व ती लहान असतानाच बुजवावी.

तिसरी गोष्ट मंडळ्यांस सांगावयाची आहे. पौल एकाच अध्यायात दोन गोष्टी शिकवितो : एकमेकांचा भार उचलावा, आणि प्रत्येकाने आपलाही वाहावा. आपले वृद्ध उपदेशक व बायबलबाया दुसरीच गोष्ट धरून बसतात. पायी गावोगाव फिरून त्यांचे गुडघे गेले, दृष्टी मंद झाली, आणि “आजवर दिले, आता मागू कसे?” असे म्हणून ती उपाशी निजतात. तुम्ही मात्र पहिली गोष्ट विसरू नका. ‘आर्थर फॉस’ १९७० साली सिएटल येथील जुन्या जहाजांचे जतन करणाऱ्या एका संस्थेस देण्यात आली, आणि १९८९ साली, तिच्या शंभराव्या वर्षी, तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. परंतु मानाच्या पाटीने फट बुजत नाही. ती हातांनीच बुजवावी लागते. लाकडाच्या बोटीसाठी लोक एवढे करितात. मग ज्यांनी तुमच्या आजोबांस ख्रिस्ताकडे ओढून आणिले, त्यांच्या छपराकडे पावसाळ्यापूर्वी कोण पाहणार? सत्काराचा हार पुढे घालता येईल. आधी दोघा तरुणांनी शिडी घेऊन जावे, एका भगिनीने भाकरी न्यावी, व जो वाचू शकतो त्याने सायंकाळी त्यांच्या शेजारी बसून शास्त्र वाचावे.

ज्या प्रभूने आम्हा सर्वांचा भार वधस्तंभावर वाहिला, तो कोणाही ओढणाऱ्याचे नाव विसरत नाही. तो आपणांस हे करावयास सामर्थ्य देवो. आमेन.