दार उघडे आहे, आत कोण जाणार?



नियमाने दार उघडले म्हणजे ते सर्वांसाठी उघडले, असे म्हणता येईल का? आपल्या चळवळीने याचे उत्तर महाडला दिले आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही चवदार तळे कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले झाले.

आयर्लंडचा अनुभवही फार वेगळा नाही. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज १५९२ चे. तिथे कॅथलिकांना १७९३ पासून पदव्या मिळू लागल्या, पण उरलेल्या धार्मिक अटी जायला १८७३ उजाडले. स्त्रियांना प्रवेश मिळाला १९०४ मध्ये. कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी आपल्या लोकांवर घातलेले निर्बंध तर १९७० पर्यंत होते. याच आवारात १९७८ मध्ये डग्लस हाइड कलादालन सुरू झाले. तिथे तिकीट लागत नाही.

आई नागपूरहून आली होती, तेव्हा तिथल्या एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आम्ही डून लेरीहून डार्टने गेलो. दाराशी येताच ती म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथंच बसते." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांच्या तोंडून ऐकले असेल. बँकेत, मोठ्या दुकानात, मुलांच्या कॉलेजात. त्यामागे थकवा नसतो. 'ही जागा आपली नाही' हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले असते.

अशा वेळी मुलाने काय करावे? हाताला धरून आत नेले, तर तिच्या इच्छेपेक्षा आपली हौस मोठी ठरते. बाहेर ठेवून एकटे आत गेलो, तर तो जुना धडा आपणच पक्का करतो. मी म्हटले, "मग मीही बसतो." आम्ही दहा मिनिटे बसलो. विद्यार्थी, म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेली एक बाई आत गेली. कोणाला कोणी काही विचारले नाही. मग आईच उठली. आत वाईनचा ग्लास पुढे आला, तो पंचशीलाला स्मरून तिने हसून नाकारला. एका कामासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मी अर्थ सांगायला गेलो नाही.

धम्माचा एक गुण आपण वंदनेत रोज उच्चारतो: एहिपस्सिको. ये आणि स्वतः पाहा. 'ये' म्हणायला आधी आत गेलेले कोणीतरी लागते. 'पाहा' म्हटल्यावर मात्र त्याने बाजूला व्हायचे असते, कारण डोळे ज्याचे त्याचे. यात सक्ती नाही आणि उपकारही नाही. शिक्षणामुळे आपल्यासाठी अनेक दारे उघडली. त्या शिक्षणासाठी ज्यांनी पोटाला चिमटा घेतला, ते आजही बाहेर बसून आपली वाट पाहत असतील, तर आपले शिकणे अजून अर्धेच आहे.

यंदा आईवडील इकडे आले की त्यांना मॉलबरोबर एखादे कलादालनही दाखवा. मेरियन स्क्वेअरची नॅशनल गॅलरी आणि डब्लिन कॅसलमधली चेस्टर बीटी यांच्या कायमच्या संग्रहांना तिकीट नाही. ते दाराशी थांबले, तर घाई करू नका. शेजारी बसा.

जय भीम!